जुनी मोटार, नवी दुखणी : आधी निदान, मग सुटे भाग

सातारा/सांगली : वापरलेली मोटार विकत घेतल्यानंतरचे पहिले काही आठवडे हीच तिची खरी परीक्षा असते. व्यवहार ठरताना दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत सुरळीत चाललेली गाडी एखाद्या सकाळी सुरूच होत नाही, घाटात तापमानाचा काटा वर सरकतो, किंवा डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा विझायचे नाव घेत नाही. मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. प्रथम बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ, त्यानंतर अल्टरनेटर. आणि अखेरीस दोष सापडतो तो इंजिनापासून बॉडीला जोडलेल्या, गंज चढलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. गाठीला जमवलेल्या पैशांतून गाडी घेणाऱ्या कुटुंबाला असा अंदाजाने केलेला खर्च परवडत नाही. म्हणूनच आधी निदान आणि मग सुटे भाग, हा क्रम पाळणे गरजेचे आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तर या क्रमाला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कृष्णाकाठचा पूर.

पुराचे पाणी उशिरा बोलते

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत मोठे महापूर पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगली शहराचा मोठा भाग आणि मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली होती. कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेल्या कराडलाही पुराचा फटका बसला.

पाण्यात बुडालेली प्रत्येक मोटार भंगारात जात नाही. दुरुस्तीचा खर्च फार मोठा असेल, तर विमा कंपनी पूर्ण नुकसान गृहीत धरून भरपाई देते आणि ती गाडी आहे त्या स्थितीत विकली जाते. पुढे धुऊन, पुसून, आसनांची कापडे बदलून ती पुन्हा बाजारात येऊ शकते. नोंदणी क्रमांकावरून याचा उलगडा होत नाही. एमएच १० हा सांगलीचा, एमएच ११ साताऱ्याचा आणि एमएच ५० कराडचा संकेतांक आहे. परंतु पुराच्या दिवशी गाडी कोठे उभी होती, हे क्रमांक सांगत नाही. स्थानिक क्रमांक म्हणजे दोष नव्हे आणि परजिल्ह्याचा क्रमांक म्हणजे हमीही नव्हे.

पुराचे पाणी वायरिंगच्या जोडांत शिरते, तेव्हा तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढू लागतो. हा गंज प्लास्टिकच्या आवरणाखाली आत सरकत जातो. बाहेरून तार नवी दिसते, पण तिचा विद्युतरोध वाढलेला असतो. त्यामुळे गाडी वाळवल्यानंतर काही महिने ठीक चालते आणि मग एकामागून एक दुखणी निघतात. खिडकीची काच मध्येच थांबते, मध्यवर्ती कुलूप आपोआप उघडते, रात्री दिवे मंद होतात.

संशय असल्यास काही जागा स्वतः पाहता येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेषा दिसू शकते. आसनांखालचे बोल्ट आणि रूळ गंजलेले असतात. गालिच्याखाली, फ्यूजच्या पेटीत किंवा स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ सापडतो. काचा बंद ठेवून काही तासांनी दार उघडल्यास कुबट वास येतो. यांपैकी एखादी खूण आढळली म्हणजे गाडी पुरातलीच, असे नव्हे. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण वायरिंग तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

बॅटरीला दोष देण्यापूर्वी

गाडी सुरू न होणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. तिचे निदान साध्या मल्टिमीटरने बऱ्याच अंशी होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास आकडा असेल, तर ती अर्धीच भरलेली समजावी. इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो तेथवर चढत नसेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा मधली जोडणी यांपैकी कशात तरी दोष आहे. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या नियंत्रणाखाली कमी-जास्त होते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

बॅटरी भरलेली असूनही सेल्फ मारताना नुसता 'टक' असा आवाज येत असेल, तर सेल्फ बदलण्यापूर्वी बॅटरीची टोके आणि अर्थिंग तपासावे. सेल्फ फिरत असताना मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला लावल्यास अर्धा व्होल्ट किंवा अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची वाट खराब आहे. पट्टी सोडवून, घासून, घट्ट बसवण्याचे काम थोड्या वेळाचे असते.

दुसरा प्रकार म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी दोन दिवसांत उतरणे. येथे कोणते तरी उपकरण गुपचूप वीज खात असते. पूर्वीच्या मालकाने बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, सायरन किंवा जादा दिवे हे अशा वेळी पहिले संशयित. गाडी कुलूपबंद करून अर्धा तास गेल्यावर प्रवाह सर्वसाधारणपणे ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावा. तो अधिक असेल, तर एकेक फ्यूज काढत गेल्यास चोर सापडतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून अधिक क्षमतेचा बसवणे मात्र धोक्याचे आहे. त्यात फ्यूजऐवजी तार तापते आणि आग लागू शकते.

दिव्यांची भाषा

चावी फिरवल्यावर इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस आणि एअरबॅग यांचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. लागून न विझणारा दिवा दोष दाखवतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मुळीच न लागणारा दिवा अधिक संशयास्पद असतो. दोष लपवण्यासाठी तो निकामी केलेला असू शकतो. एअरबॅगच्या बाबतीत ही गोष्ट जिवाशी खेळ आहे. अनेक गाड्यांत एअरबॅगचा नियंत्रक मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो. पुराचे पाणी तेथे सहज पोहोचते. अपघातात एअरबॅग उघडेल की नाही, हे त्या छोट्या पेटीवर अवलंबून असते.

इंजिनाचा दिवा लागल्यास स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक वाचता येतो. मात्र संकेतांक म्हणजे सुट्या भागाचे नाव नव्हे. सेन्सरचा दोष दाखवणारा संकेतांक अनेकदा त्या सेन्सरकडे जाणाऱ्या तुटक्या तारेमुळे येतो. इंधनाचे मिश्रण विरळ असल्याचा इशारा फाटक्या हवेच्या नळीमुळेही मिळतो. विक्रीपूर्वी संकेतांक पुसून टाकणे सोपे असते. पण तसे केल्यास गाडीच्या संगणकाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात. जाणकार मेकॅनिक स्कॅनरवर आधी तेच पाहतो. असा दिवा काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा लागतो, तो याच कारणाने.

घाटात कळणारे इंजिन

सपाट रस्त्यावर लपणारे दोष खंबाटकी किंवा पसरणी घाटात उघडे पडतात. चढणीवर काटा वर जात असेल, तर कूलंटची पातळी, रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप या क्रमाने तपासणी व्हावी. काटा लाल भागाकडे गेल्यास एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडते. तशीच गाडी दामटल्यास हेड गॅस्केट जाते आणि लहान दुरुस्तीचे मोठे काम होते.

धुरावरूनही बरेच कळते. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर इंधन जादा जात असल्याचे किंवा हवा कमी पडत असल्याचे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर जाड असेल, तर शंका अधिक बळावते.

पाण्यात बंद पडलेले इंजिन कोणी सेल्फ मारून सुरू करण्याचा प्रयत्न केला असेल, तर नुकसान वेगळे असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ पाहतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड घेऊन इंजिन काही काळ चालतेही. पण एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा कमी येते. त्यामुळे संशयित गाडीची कॉम्प्रेशन चाचणी व्यवहारापूर्वीच करून घ्यावी.

गाडीच्या देखभालीची नोंद मिळाली नाही, तर ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलून नव्याने सुरुवात करावी. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला याचा पुरावा नसल्यास तो बदलणेच इष्ट, कारण तो तुटल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी इंधननळ्याही पाहून घ्याव्यात.

कागद आणि दाद

वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यानुसार विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक आहे. खरेदीपूर्वी ते पाहण्यास मागावे. इंजिन आणि चॅसिस क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळवावेत. विम्याच्या दाव्यांचा इतिहास विचारावा आणि विमा आपल्या नावावर विनाविलंब करून घ्यावा. पूर्वीच्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही.

'गाडी पुरात बुडालेली नाही' हे वाक्य विक्रेत्याकडून लिहून, सहीनिशी घ्यावे. तोंडी आश्वासनाला पुढे आधार राहत नाही. व्यावसायिक विक्रेत्याने दोष लपवला असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खरेदीदार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारशुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ओळखीच्या व्यक्तीकडून घेतलेल्या गाडीला मात्र हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो, कारण ती व्यक्ती व्यापारी ठरत नाही.

अशा तक्रारीत मेकॅनिकचा लेखी अहवाल, स्कॅनरची छापील प्रत आणि काढलेले जुने भाग हाच पुरावा असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, किलोमीटर, आढळलेला दोष आणि केलेले काम लिहून ठेवावे. दोष नेमका कोणत्या वेळी येतो, पावसात की उन्हात, थंड इंजिनात की तापलेल्या, ही नोंद मेकॅनिकचे निम्मे काम करते. आणि पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, तर तीच वही नव्या खरेदीदाराला विश्वास देईल.