खुंटाला बांधलेले पान

वर्सोव्याच्या खाडीत होडीतून मासळीच्या टोपल्या उतरत असताना कुणी दोर सोडून दिला तर? होडी सरकेल आणि टोपली पाण्यात! वाचकहो, संगणकाच्या पोटातही नेमका हाच धोका असतो.

संगणकाची स्मृती पानापानांची. बहुधा एक पान ४०९६ बाइटांचे. त्यांचा कारभारी म्हणजे कर्नल. जागा अपुरी पडली की एखाद्या प्रोग्रॅमचे पान तो डिस्कवर नेऊन ठेवतो, रिकामी जागा दुसऱ्याला देतो. पण नेटवर्क कार्डासारखी साधने थेट स्मृतीत लिहितात. लिहिणे चालू असतानाच पान दुसऱ्याचे झाले, तर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या वहीत! म्हणून काम संपेपर्यंत पान खुंटाला बांधतात.

लिनक्समध्ये यासाठी पूर्वी ‘गेट यूजर पेजेस’ वापरीत. त्याने पानावरचा आकडा एकाने वाढे. पान कुणीतरी धरले आहे एवढे कळे. त्यात अजून कुणी लिहीत आहे काय, हे कळत नसे. फाइलीचे पान डिस्कवर उतरवून ‘झाले’ अशी खूण होई आणि मागाहून आलेला मजकूर बुडण्याची भीती राही. २०२० साली लिनक्स ५.६ मध्ये ‘पिन यूजर पेजेस’ आले. साध्या पानाचा आकडा त्याने एकदम १०२४ ने वाढतो, आणि बांधलेले पान ओळखू येते.

मात्र बांधलेला दोर वेळेवर सोडावाही लागतो. तो विसरला, तर पान अडकून पडते आणि इतरांची जागा तेवढी कमी होते!