अबोल माणसाचा व्यापार

बोलणाऱ्याचीं बोरें खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असा आपल्याकडे जुना समज आहे. मोठ्या कुटुंबांत तर मुलें दहाबारा वर्षांचीं होतात न होतात तोंच या समजाप्रमाणें त्यांचा निकाल लागून जातो. जो पाहुण्यांपुढें धिटाईनें बोलतो तो "धंद्याला लायक", आणि पाहुणे येतांच जो पुस्तक घेऊन माडीवर जातो तो "नोकरीच्या कामाचा". सुनांच्या बाबतींतही तेंच. एखादीच्या हातची भाजणी सगळ्या आळींत वाखाणली जाते, पण ती विकावी असें कोणीं सुचविलें, कीं "तिला चारचौघींत तोंड उघडतां येत नाहीं, ती काय विकणार?" म्हणून विषय तेथेंच संपतो. आमच्या मतें हा निकाल घाईचा आहे. पूर्वीं तो थोडाफार खरा होता. आतां तो तितकाही खरा उरलेला नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, अंतर्मुख मनुष्य आणि भित्रा मनुष्य हे एक नव्हेत. माणसांची अंतर्मुख व बहिर्मुख अशी विभागणी मानसशास्त्रांत रूढ केली ती कार्ल युंग या स्विस पंडितानें, आपल्या १९२१ सालच्या ग्रंथानें. अंतर्मुखाला माणसांचें वावडें नसतें. पुष्कळ माणसांत पुष्कळ वेळ राहिल्यास तो थकतो आणि एकांतांत त्याला पुन्हा हुशारी वाटते, इतकेंच. एकांताची आवड म्हणजे कर्तृत्वाचा अभाव असेंही नाहीं. जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थांनीं टाकळीस बारा वर्षें तपश्चर्येंत काढलीं, आणि त्यानंतरच मठांचा एवढा मोठा व्याप उभा केला. त्यांची थोरवी कोणास येणार? पण एकांत आणि लोकसंग्रह एका ठिकाणीं नांदूं शकतात, इतका बोध त्यांच्या चरित्रावरून कोणासही घेतां येईल.

विक्रीच्या बाबतींत या गोष्टीची मोजदादही झालेली आहे. अमेरिकेंतील ॲडम ग्रँट या संशोधकानें ३४० विक्रेत्यांच्या तीन महिन्यांतील विक्रीचे आकडे तपासून २०१३ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विक्री मध्यम स्वभावाच्या माणसांनीं केली होती. अतिशय बोलके विक्रेते अबोलांच्या फारसे पुढें गेलेले नव्हते. याचें एक कारण सहज सुचण्यासारखें आहे. फार बोलणारा ऐकत नाहीं, आणि न ऐकणाऱ्याला गिऱ्हाइकाची गरज कळत नाहीं.

आतां थेट विक्री म्हणजे काय तें पाहूं. अडत्या किंवा दुकानदार मध्यें न घेतां माल करणाऱ्यानें तो घेणाऱ्याच्या हातीं देणें, हा तिचा साधा अर्थ. पूर्वीं यासाठीं दारोदार हिंडावें लागे, अनोळखी कडी वाजवावी लागे, आणि दहांपैकीं नऊ ठिकाणचा नकार हंसतमुखानें घ्यावा लागे. अबोल मनुष्य येथेंच हरे. आज हेंच काम घरीं बसून, विचार करून, लिहून करतां येतें. गिऱ्हाइकाशीं बोलण्यापूर्वीं वाक्य दोनदां वाचून पाहण्याची सवलत कोणत्याही फेरीवाल्यास पूर्वीं कधीं मिळाली नव्हती.

जालना जिल्ह्यांतलेंच उदाहरण घेऊं. तेथील मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बागाईतदार बहुधा फळें बाजार समितींत नेतो, किंवा उभी बागच व्यापाऱ्याच्या हवालीं करतो. दोन्हीं ठिकाणीं भाव ठरतांना जो तोंडानें खमक्या, त्याचें साधतें. समजा, अंबड तालुक्यांतील एका अबोल तरुणानें ठरविलें, कीं आंबिया बहारांतील थोडीं फळें आपण परभारें छत्रपति संभाजीनगर व पुणें येथील कुटुंबांना द्यावीं. त्यानें काय करावें?

त्यानें ओळखीच्या पंधरावीस घरांपासून आरंभ करावा. व्हॉट्सॲपवर सर्वांस एकदम धाडलेला 'ब्रॉडकास्ट' संदेश ज्यांनीं आपला क्रमांक नोंदवून ठेविला आहे अशांनाच पोंचतो. म्हणजे ओळख आधीं आणि विक्री मागाहून, हा नियम त्या यंत्रानेंच घालून दिला आहे. मग फळ तोडण्यापूर्वीं पंधरा दिवस बागेचें एक छायाचित्र आणि चार ओळी पाठवाव्या: तोडणी केव्हां, पेटी किती किलोची, भाव काय, घरपोंच येईल कोणत्या दिवशीं. साल हिरवट असली तरी फळ आंतून पक्व असूं शकतें, हें आपण होऊन सांगावें. त्यामुळें पुढील निम्म्या तक्रारी आधींच मिटतात. पैसे यूपीआयनें येतात, त्यामुळें मागण्याचा संकोच कमी होतो. वाहतुकीची सोयही वाढली आहे. जालन्यावरून जाणारा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें नागपुरापासून मुंबईनजीक आमणेपर्यंत पुरा खुला झाला.

यांत नवें आहे तें साधन. रीत जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते असें शेतकरी समजत, आणि पहिले नांगर खपण्यास फार दिवस लागले. पुढें १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' काढली, ती कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठींच. छापील कागद घरोघर गेला, आणि विक्रेत्याचें अर्धें बोलणें त्यानें केलें. खुद्द जालन्यांत बद्रीनारायण बारवाले यांनीं भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ करून १९६४ सालीं 'महिको' स्थापिली, आणि १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्यांत गोड बोलणें एका हंगामापुरतेंच चालतें. दुसऱ्या हंगामीं शेत बोलतें. ज्याचा माल बोलतो, त्यानें स्वतः थोडें कमी बोललें तरी चालतें.

तथापि अबोलपणाचे तोटेही आहेत, आणि ते लपविणें बरें नव्हे. अबोल मनुष्य भिडेनें भाव कमी सांगतो. तक्रार आली कीं तो गप्प बसतो, आणि गिऱ्हाइकाला तो उर्मटपणा वाटतो. एकदां माल दिल्यावर पुन्हा विचारण्यास तो लाजतो. यावर उपाय साधे आहेत. भाव प्रथमच लिहून कळवावा, म्हणजे घासाघीस टळते. तक्रारीचें उत्तर त्याच दिवशीं द्यावें, तें आधींच लिहून ठेवावें: "फळ खराब निघालें याबद्दल दिलगीर आहों, छायाचित्र पाठवावें, बदली फळें किंवा पैसे परत देऊं." उत्तरें देण्याची वेळ ठरवावी, उदाहरणार्थ रात्रीं आठ ते नऊ, आणि ती सर्वांस कळवावी, एरवीं दिवसभर मोबाइल वाजत राहिला, तर अंतर्मुख मनुष्य महिन्याभरांत धंद्यास विटेल. मागणीची वही मात्र रोज लिहावी. कोणाकडे मधुमेहाचा रोगी आहे, कोणास लहान फळें आवडतात, हें ज्याच्या वहींत आहे त्यास गिऱ्हाईक सोडीत नाहीं.

येथें एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग आहे. धाकट्या जावेनें भाजणी करावी व तिची माहिती लिहावी, थोरल्या जावेनें फोनवर बोलावें, पुतण्यानें पोंचवावें, हिशेब मामंजींनीं पाहावा. मात्र मिळकत ज्याची त्याच्या नांवें लिहिली जावी, नाहीं तर अबोलाचे श्रम घरांतच हरवतात. अन्नपदार्थ विकावयाचे असतील, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी करून घेण्यास विसरूं नये.

शेवटीं एक इशारा. थेट विक्रीच्या नांवाखालीं साखळीचे धंदे चालतात. "आधीं इतके पैसे भरा, मग दहा माणसें जोडा, त्यांनीं आणखी दहा जोडावीं" असें जेथें सांगतात, तेथें माल हें केवळ निमित्त असतें. अशा ठिकाणीं अबोल मनुष्य सर्वांत आधीं बुडतो, कारण त्याच्यापाशीं जोडण्यासाठीं असतात ते आप्तच. पैसा जातो आणि नातींही जातात. केंद्र सरकारच्या २८ डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीविषयक नियमांनीं असल्या साखळी योजनांस बंदी केली आहे. प्रवेशशुल्क मागणारी योजना थेट विक्री समजूं नये. म्हणून घरांतील कोणीही असा प्रस्ताव आणला, तर एकच प्रश्न विचारावा: मिळकत माल खपल्यावर होणार, कीं माणसें भरल्यावर?

याच नियमांत आणखी एक कलम आहे. विक्रेत्यानें ओळखपत्रावांचून आणि आगाऊ वेळ किंवा संमति घेतल्यावांचून गिऱ्हाइकाच्या घरीं जाऊं नये, असें तें सांगतें. म्हणजे न विचारतां कोणाच्या दारीं न जाण्याचा जो संकोच अबोल माणसाचा दोष म्हणून आजवर हिणविला गेला, तोच आतां विक्रेत्याचा शिष्टाचार ठरला आहे. घरांतील वडील मंडळींस आमची विनंती इतकीच, कीं माडीवर गेलेल्या मुलास खालीं ओढून आणूं नये. त्याच्या हातीं एक वही द्यावी, विकण्यासारखा एक चांगला जिन्नस द्यावा, आणि निदान एक हंगाम वाट पाहावी.