ललितकलादर्श : आपलाही वारसा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. इमारत पुन्हा बांधता येते. पण तिच्यामागची परंपरा आपल्या मुलांना ठाऊक आहे का?

कोल्हापुरात १८९० साली जन्मलेले केशवराव लहान वयातच नाटक कंपनीत गेले. १९०८ मध्ये, वयाची अठरा वर्षेही पूर्ण नसताना, त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकातून तिने हुंड्याचा प्रश्न रंगभूमीवर आणला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव आणि प्रतिस्पर्धी मंडळीचे बालगंधर्व एकत्र गायले. धंद्यातली चुरस देशकार्याच्या आड आली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. मंडळी बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली.

त्या ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. शाहू महाराजांचे दरबारगायक उस्ताद अल्लादिया खाँ यांना टेंबे गुरुस्थानी मानत. त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगला बळ देणाऱ्या शाहू महाराजांनीच १९१५ मध्ये हे नाट्यगृह उभारले.

नाट्यसंगीत कुणा एका समाजाचे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू : या सुरांत आपल्या उस्तादांची तालीम आहे. ती ऐकायला मुलाबाळांना घेऊन जरूर जा.