आधी पाणी, मग दवाखाना. आणि आईला बोल नको

ज्या घरात एक ते तीन वर्षांचे लेकरू असते, त्या घरात रोजच्याच वस्तू धोक्याच्या होऊन बसतात. चहाचा कप, वरणाचा गंज, आंघोळीचे कढत पाणी, गरम तवा या सगळ्या वस्तू मोठ्या माणसाच्या ओळखीच्या असतात. लेकराला मात्र त्यांची ओळख हात लावूनच करून घ्यायची असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अंदाजानुसार आपल्या देशात दरवर्षी सुमारे ७० लाख भाजण्याच्या घटना घडतात आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसे त्यात दगावतात. आग लागून माणसे होरपळली की वर्तमानपत्रात बातमी येते. दीड वर्षाच्या पोरीच्या छातीवर चहा सांडला, ही बातमी कुठेच येत नाही. पण त्या घरापुरता तो केवढा मोठा प्रसंग असतो, हे ज्यांच्यावर आला त्यांनाच ठाऊक.

आम्ही कचेरीची नोकरी सांभाळून वस्तीतल्या आजारी माणसांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचे काम करतो. भाजलेल्या लेकरांसोबतही जाण्याचे प्रसंग आले. त्यांतून तीन गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. पहिली, सुरुवातीची मोलाची मिनिटे टूथपेस्ट आणि हळद शोधण्यात जातात. दुसरी, लेकरू रडत असते आणि घरची माणसे आईला बोलत असतात. तिसरी, जखम भरली की सगळे संपले असे समजून पुढचे उपचार सोडून दिले जातात. या तिन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोवळी कातडी

लहान मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा बरीच पातळ असते. जे पाणी आपल्या हाताला नुसता चटका देते, तेच लेकराला खोलवर भाजते. चहा कपात ओतून दहा-पंधरा मिनिटे झाली तरी तो लेकराला भाजण्याइतका गरम असू शकतो. शिवाय लेकरू वर हात करून वस्तू ओढते. त्यामुळे सांडलेले ते चेहरा, मान, छाती आणि दंड यांवर येते. अंगातला कपडा ते गरम पाणी धरून ठेवतो आणि कातडी भाजतच राहते.

किती भाजले हे ओळखण्याची सोपी खूण आहे. लेकराचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का भाग. असे दहा तळहात बसतील एवढे भाजले असेल तर अंगातले पाणी झपाट्याने कमी होते, आणि शिरेतून सलाईन देण्याची वेळ येते. एका तळहाताएवढी जखम असली तरी लहान मुलाला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा लघवीची जागा भाजली असेल, अथवा विजेचा धक्का बसला असेल, तर जखम लहान दिसली तरी दवाखाना टाळू नये.

पहिली वीस मिनिटे

भाजल्याबरोबर करायचे काम एकच, गार पाणी. नळाखाली धरा किंवा लोट्याने सारखे ओतत राहा, पण पूर्ण वीस मिनिटे ओता. वीस मिनिटे म्हणजे फार वाटतात. लेकरू आकांत करते, शेजारीपाजारी 'आता पुरे' म्हणतात. तरीही घड्याळ पाहून ओता. कातडीत शिरलेली उष्णता बाहेर काढायला तेवढा वेळ लागतो. त्याने जखमेची खोली कमी होते आणि ठणकाही उतरतो. लगेच पाणी मिळाले नाही तरी तीन तासांच्या आत ओतलेल्या पाण्याचा उपयोग होतो.

आपल्या नागपुरात एक अडचण आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणीच कढत असते. ते लेकराच्या अंगावर ओतू नका. माठातले किंवा सावलीत भरून ठेवलेल्या बादलीतले पाणी घ्या. ज्या वस्तीत नळ तासभरच येतो, तिथे एक पिंप झाकून भरलेले असावे. हिवाळ्यात उलटी काळजी घ्यायची. भाजलेल्या जागेवर पाणी ओतताना बाकीचे अंग चादरीने झाका, कारण लेकरू लवकर गारठते. बर्फ लावू नका. बर्फाने कातडीचे आणखी नुकसान होते.

पाणी ओतता ओतताच अंगातले कपडे, मनगट्या, करदोटा, काळे मणी, ताईत काढून टाका, कारण थोड्या वेळाने अंग सुजते आणि या वस्तू रुततात. कपडा कातडीला चिकटला असेल तर मात्र ओढू नका. फोड फोडू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, अंड्याचा बलक, चुना यांपैकी काहीही लावू नका. दवाखान्यात डॉक्टरांना जखम पाहण्यासाठी हे सगळे आधी खरवडून काढावे लागते आणि त्या वेदना पुन्हा त्या लेकरालाच भोगाव्या लागतात. वीस मिनिटांनंतर धुतलेल्या स्वच्छ सुती कापडाने जखम सैलसर झाका आणि निघा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

दवाखान्यात गेल्यावर

मेडिकल असो, मेयो असो की खासगी दवाखाना, भाजलेल्या रुग्णाची माहिती सहसा पोलिसांना कळवली जाते. पोलीस येऊन जबाब घेतात. अनेक आईबाप या वेळी घाबरतात, आणि काही जण तर या भीतीनेच घरी उपचार करत बसतात. ही नेहमीची पद्धत आहे. जे घडले ते जसेच्या तसे सांगावे. गोष्ट बनवून सांगितली तर आईचे एक, आजीचे दुसरे असे होते आणि विनाकारण संशय येतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार समाविष्ट आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून एक सल्ला देतो. एक फाइल करा. केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बिले, सुटीचे कार्ड सगळे तारखेनुसार लावा. हे उपचार वर्ष-दोन वर्षे चालू शकतात आणि दर वेळी नवा डॉक्टर जुने कागद मागतो.

ड्रेसिंगचा दिवस

भाजण्यातला सर्वांत कठीण भाग म्हणजे ड्रेसिंग. एकदा भाजले ते अचानक. ड्रेसिंगचे मात्र आदल्या रात्रीपासून ठाऊक असते. जुनी पट्टी जखमेला चिकटते, ती निघताना नवी कातडीही निघते, आणि लेकराची किंकाळी वॉर्डभर ऐकू येते.

या वेदनेचा विचार मुंबईच्या डॉक्टरांनी फार पूर्वी केला, हे आपल्याला ठाऊक असावे. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर बसवून, त्या निर्जंतुक करून जखमेवर बांधल्या. १९८५ साली त्यांनी या कामाचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. सालीमुळे जखम ओलसर राहते, पट्टी चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही. पुढे मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात केळीचे पान आणि बटाट्याची साल दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. दोन्हींत पट्टी बदलताना दुखणे जवळजवळ नव्हते, आणि केळीच्या पानाचा खर्च तर सालीच्याही अकरा पटींनी कमी होता. परदेशातली महागडी पट्टी गरिबाला परवडत नाही, म्हणून या डॉक्टरांनी आपल्या स्वयंपाकघराकडे आणि परसाकडे पाहिले. कोणी चुकीचा अर्थ मात्र घेऊ नये. या पट्ट्या दवाखान्यात निर्जंतुक करून बांधलेल्या असतात. घरी कच्चा बटाटा किसून जखमेवर थापणे हा त्यातला प्रकार नव्हे.

आईबापांनाही ड्रेसिंगच्या दिवशी पुष्कळ करता येते. दुखणे कमी करणारे औषध ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. त्यात संकोच कसला? पट्टी आधी पाण्याने पुरती भिजवून मग काढा, अशी विनंती करावी. परवानगी असेल तर आईने किंवा वडिलांनी लेकराच्या नजरेसमोर बसावे. 'काही होत नाही, दुखत नाही' असे खोटे सांगू नये. दुखते ते लेकराला कळतेच, आणि मग आपल्या कोणत्याच शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही. 'दुखेल, पण मी इथेच आहे, आणि झाले की आपण घरी जाऊ' एवढे सांगावे.

आईला बोल लावू नका

आमच्या ओळखीच्या एका घरची हकीकत सांगतो. पाहुणे आले, चहाचा ट्रे चटईवर ठेवला. दीड वर्षाच्या पोरीने ट्रेचा काठ ओढला आणि छाती व डावा हात भाजला. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तिला उचलून सरळ नळाखाली धरले, म्हणून पुष्कळ निभावले. पण दवाखान्यातून घरी आल्यावर जो येईल तो आईला विचारी, "तुयं ध्यान कुठं होतं?" खोलीत तेव्हा सहा मोठी माणसे होती. बाकीच्या पाचांना हा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्या बाईचे जेवण तुटले. पोरीला उचलून घ्यायलाही ती घाबरू लागली. आपला हात लागला की लेकराचे वाईटच होते, असे तिच्या मनाने घेतले. पोर आईकडे झेपावायची आणि आई मागे सरायची. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनेच एके दिवशी पोरीला तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "तुझ्याशिवाय ही माझ्याकडून पट्टी करून घेत नाही, मला तुझी गरज आहे." त्या दिवसापासून ती बाई सावरू लागली. नवऱ्यानेही आठवडाभर मजुरी बुडवून दवाखान्याच्या रात्री वाटून घेतल्या.

लेकरू भाजल्यानंतर आईबापांनाही झोप न येणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, गरम भांडे पाहून हात कापणे असे होते. हे वेडेपण नाही, मनाला झालेली जखम आहे. ती महिना उलटूनही कमी होत नसेल तर तीही डॉक्टरांना दाखवावी. आईबाप सावरले की लेकरू लवकर सावरते. म्हणून आईला बोल लावणारी माणसे नकळत लेकराचेच नुकसान करतात. लेकरू सांभाळणे हे एकट्या आईचे काम आहे, असे मानणाऱ्या घरात सगळ्यांचे लक्ष असते तरी कुठे? घरी भेटायला जाल तेव्हा प्रश्न नेऊ नका, डबा न्या. मोठ्या भावंडाला दोन तास सांभाळा. दवाखान्यात एक रात्र बसा.

जखम भरल्यानंतर

जखम भरते, पण काम संपत नाही. खोल भाजले असेल तर नवी कातडी जाड होते, आखडते आणि खाजते. सांध्यावरचा व्रण आखडला तर कोपर सरळ होत नाही, बोटे वाकतात, मान एका बाजूला ओढली जाते. हे टाळण्यासाठी डॉक्टर पट्टीचा आधार, घट्ट कपडे, व्यायाम आणि मालिश सांगतात. व्रण मऊ व्हायला एक ते दोन वर्षे लागतात, तोवर हे सर्व नेटाने करावे. भरलेल्या जागेला उन्हापासून जपावे. अंडी, डाळ, दूध लेकराच्या पोटात जावे, कारण नवी कातडी त्यातूनच तयार होते. पहिल्या काही दिवसांत ताप चढला, अंगावर पुरळ आले, जुलाब लागले किंवा लेकरू मलूल झाले, तर जखम लहान असली तरी लगेच दवाखाना गाठावा.

लेकरू पुन्हा अंथरूण ओले करू लागते, रात्री दचकते, आईचा पदर सोडत नाही. रागावू नये. वर सांगितलेली ती पोर बरेच दिवस आपल्या बाहुलीला चिंधीची पट्टी बांधत असे. घरच्यांनी तिला अडवले नाही, उलट चिंध्या दिल्या, हे फार चांगले झाले. बोलता न येणारे लेकरू आपले दुःख असेच बोलते.

घराची आणि वस्तीची जबाबदारी

एका खोलीच्या संसारात स्वयंपाकघर वेगळे कुठून आणायचे? पण चार विटा रचून वर फरशी टाकली तरी शेगडी जमिनीवरून वर जाते. लेकरू मांडीवर असताना चहा पिऊ नये. बादलीत आधी गार पाणी, मग कढत पाणी घालावे. पाणी तापवायचा रॉड लावलेली बादली क्षणभरही एकटी सोडू नये. कढईचा दांडा भिंतीकडे वळवावा.

सार्वजनिक कार्यक्रमांतही ही दक्षता हवी. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्याकडे मोठमोठ्या कढयांत भोजनदानाचा स्वयंपाक होतो, आणि गर्दीत लेकरे पायापायांत फिरतात. चुलीभोवती दोरी बांधून एक कार्यकर्ता तिथे उभा करणे, हे मंडप बांधण्याइतकेच गरजेचे काम आहे. विहारात मेणबत्त्या लावतो तिथेही झालरीचे फ्रॉक घातलेल्या मुली दूर ठेवाव्यात.

प्रत्येक महिला मंडळाने एका रविवारी अर्धा तास या विषयाला द्यावा, अशी आमची विनंती आहे. फलकावर ठळक अक्षरांत लिहावे : गार पाणी वीस मिनिटे, दुसरे काही लावायचे नाही, स्वच्छ कापडाने झाकायचे, १०८, आणि आईला बोल लावायचा नाही. खडूला पैसे फारसे लागत नाहीत.