निधनवार्तेतले गाव

अमेरिकेत आज तीन कोटींहून अधिक लोक आपले मूळ आयर्लंडचे म्हणून सांगतात. खुद्द आयर्लंड बेटाची वस्ती सत्तर लाखांच्या आसपास आहे. या तीन कोटींपैकी कुणालाही विचारावे, की बाबा रे, आयर्लंडातले तुम्ही कुठले? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. फार तर कॉर्क, मेयो, केरी असे एखाद्या काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे नाव सांगतील. पणजोबा बोटीतून उतरले एवढे घरात माहीत असते. ते कुठल्या उंबऱ्यावरून निघाले, हे सांगणारी माणसे केव्हाच गेलेली असतात.

हा शोध घेणाऱ्या मंडळींना सर्वांत मोठी मदत कुठून होते, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. ती सरकारी दप्तरातून क्वचितच होते. ती होते जुन्या वर्तमानपत्रांतल्या चार-सहा ओळींच्या निधनवार्तांतून. लग्न, जन्म, मृत्यू अशा मथळ्यांखाली बारीक टायपात छापलेला हा मजकूर. त्या काळी तो वाचून लोक रद्दीत टाकीत.

सरकारी दप्तरे का उपयोगी पडत नाहीत, ते आधी पाहू. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. करपा म्हणजे काय, हे आपल्या बटाटा लावणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. हिरवेगार शेत चार-आठ दिवसांत काळे पडते आणि खाली कंद सडतात. तिकडच्या गोरगरिबांचे दोन्ही वेळचे जेवण म्हणजे बटाटा. हा प्रकार १८५२ पर्यंत कमीअधिक चालला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत ८२ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. पुढेही माणसे जातच राहिली. १८२० ते १९३० या काळात सुमारे ४५ लाख आयरिश माणसे अमेरिकेत उतरली, असा अंदाज आहे.

एवढी माणसे उतरली, त्यांच्या याद्याही झाल्या. १८२० पासून जहाजांवरील उतारूंच्या याद्या अमेरिकेत जपलेल्या आहेत. १८५० पासून तिथल्या खानेसुमारीत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव येते. (गुलामांची नावे नव्हती, त्यांची फक्त मोजदाद होई.) पण जन्मस्थान या रकान्यात लिहिले काय? "आयर्लंड". लाखो माणसांपुढे तोच एक शब्द. अमेरिकेचे नागरिकत्व घेतानाही इंग्लंडच्या राणीशी असलेले इमान सोडतो, एवढे लिहून दिले की काम भागे. गावाचे नाव कारकुनाला नको होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांच्या याद्यांत जन्मगाव विचारू लागले खरे, पण दुष्काळातली पिढी तोवर येऊन, राबून, मातीआड झाली होती.

मग आयर्लंडातच जाऊन शोधावे म्हटले, तर तिथे दुसरे संकट. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी दफ्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ या चार खानेसुमाऱ्यांचे बहुतेक कागद त्यात गेले. पुढच्या चार खानेसुमाऱ्यांचे कागद तर आगीची वाट न पाहता सरकारनेच नष्ट केले होते. आज पूर्ण हाती लागणारी सर्वांत जुनी खानेसुमारी १९०१ ची. जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. म्हणजे १८४७ साली निघालेल्या माणसाचा पत्ता सरकारपाशी जवळजवळ नाही. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या मात्र गावोगावच्या पाद्र्यांजवळ होत्या, त्यामुळे त्या वाचल्या. पण त्या उघडायच्या तर पॅरिश कुठले, हे आधी ठाऊक हवे. तेच तर शोधायचे आहे!

इथे आयर्लंडातली जागेची वाटणी थोडी समजून घेतली पाहिजे. काउंट्या ३२. प्रत्येक काउंटीत पॅरिशे, म्हणजे एका चर्चखालचा मुलूख. आणि सर्वांत धाकटा विभाग म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असले तरी त्याचा शहराशी काही संबंध नाही. आपल्याकडची वाडी आणि तिचे शिवार मिळून जे होईल, तसे काहीसे ते. अशी टाउनलँडे आयर्लंडभर साठ हजारांहून अधिक आहेत. माणसाची खरी ओळख टाउनलँडची. एका पॅरिशमध्ये एकाच नावाचे चार-पाच जण असायचे. ते कुठल्या वाडीचे, यावरूनच त्यांना वेगळे ओळखत.

आता ती निधनवार्ता. नावे गाळून तिचा साचा सांगतो. "ब्रुकलिन येथे, चालू महिन्याच्या ४ तारखेस, दीर्घ व क्लेशदायक आजारानंतर, अमक्याची प्रिय पत्नी व कैलासवासी तमक्याची कन्या, वय ४२ वर्षे, मूळ राहणार अमुक पॅरिश, काउंटी कॉर्क, आयर्लंड. तिच्या घरच्यांच्या व तिच्या भावांच्या स्नेह्यांनी राहत्या घरून निघणाऱ्या अंत्ययात्रेस यावे. कॉर्कच्या वर्तमानपत्रांनी कृपया उतरून घ्यावे."

ज्या गावाची कारकुनाला गरज वाटली नाही, ते घरच्यांनी पदरचे पैसे मोजून का छापले? कारण हा मजकूर लिहिला होता तो आपल्या माणसांसाठी. अंत्ययात्रेला यायचे कोणी? शेजारचे येतीलच. पण त्याच पॅरिशमधून येऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिलेले, गोदीवर खपणारे, कुणाच्या घरी धुण्याभांड्याला असलेले, त्यांना कळायचे कसे? नुसते नाव वाचून कळणार नाही. त्या नावाच्या शंभर बाया न्यूयॉर्कात. पॅरिशचे नाव वाचले की लगेच, "अरे, ही तर आपल्याकडची!" शिवाय त्या त्या काउंटीच्या लोकांची मदतमंडळे असत. सभासदांनी हजर राहावे, अशी विनंती याच ओळींत येई.

शेवटची ओळ तर फारच बोलकी आहे. अमुक ठिकाणच्या पत्रांनी उतरून घ्यावे, असे छापले की त्या गावाचा संपादक तो मजकूर आपल्या अंकात घेई. निदान घ्यावा, अशी रीत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या पत्रात "बॉस्टनच्या पत्रांनी उतरून घ्यावे" असे दिसले, तर बॉस्टनमध्ये या माणसाचा भाऊ, बहीण, निदान जुना मुक्काम असला पाहिजे. शोध घेणारा तिथून बॉस्टनची कागदपत्रे उघडतो. आणि कॉर्कचे नाव असेल तर १८४१ पासून निघणाऱ्या कॉर्क एक्झामिनरचे पुढचे अंक चाळतो. अमेरिकेतला अंक हरवला असला तरी कधी कधी आयर्लंडातली नक्कल सापडते.

आडनावांचीही सोय इथे होते. बाईचे माहेरचे नाव दुसरीकडे कुठे मिळाले नाही तरी निधनवार्तेत वडिलांच्या किंवा भावांच्या नावामुळे मिळून जाते. "राहत्या घरून" म्हणून जो पत्ता दिलेला असतो, तो खानेसुमारीच्या पानाशी ताडून पाहता येतो. तारखेबाबत सावध राहावे. लॅटिनवरून घेतलेली दोन तोकडी रूपे वारंवार येतात: "इन्स्ट." म्हणजे चालू महिना, "अल्ट." म्हणजे मागला महिना. २ तारखेच्या अंकात "अल्ट. २९" असेल तर मृत्यू गेल्या महिन्यातला. एवढ्यावरून पुष्कळांचा महिना चुकतो. "रेलिक्ट" असा शब्द दिसला तर विधवा समजावी.

ही वृत्ते कुठल्या पत्रांत पाहावीत? मोठ्या शहरांच्या दैनिकांत पाहावीतच, पण खरा खजिना आयरिश लोकांनी आयरिश लोकांसाठी काढलेल्या साप्ताहिकांत. बॉस्टनचे पायलट १८२९ पासूनचे. न्यूयॉर्कचे आयरिश-अमेरिकन १८४९ मध्ये निघाले. काही ठिकाणी तर वर्तमानपत्राखेरीज दुसरा आधारच नाही. १८७१ च्या आगीत शिकागोची, आणि १९०६ च्या भूकंपात व आगीत सॅन फ्रान्सिस्कोची बहुतेक जुनी सरकारी नोंदबुके जळाली. पेन्सिल्व्हेनियासारख्या खाणींच्या राज्यात मृत्यूची राज्यभर सरकारी नोंद १९०६ मध्ये सुरू झाली. त्याआधीचे खाणकामगार शोधायचे तर पाद्र्याची वही आणि वर्तमानपत्र.

आता यातले बरेच अंक संगणकावर आले आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुष्कळ जुनी पत्रे विनामूल्य खुली केली आहेत. पण यंत्राला फिकट टाइप नीट वाचता येत नाही. ते एका अक्षराचे दुसरे करते, आणि मग नावाने शोधले तर काहीच मिळत नाही. जाणकार मंडळी तारीख माहीत असेल तर सरळ तो अंक काढून डोळ्यांनी वाचतात. माझ्या मते हाच मार्ग चांगला. शेजारच्या चार निधनवार्ताही नजरेखालून जातात, आणि त्यांत कधी कधी त्याच पॅरिशचा दुसरा माणूस निघतो.

छापले आहे ते सगळे खरे मानू नये, हे शिक्षक बंधुभगिनींना वेगळे सांगायला नको. वय तर अंदाजे धरावे. गावाचे नाव घरच्यांनी तोंडी सांगितले, ते जुळाऱ्याने कानाला लागले तसे जुळवले. किलमोर म्हणून छापले असेल तर त्या नावाच्या जागा अनेक काउंट्यांत आहेत. क्वीन्स काउंटी आणि किंग्ज काउंटी ही नावे आजच्या नकाशात सापडणार नाहीत. त्यांची आता लीश आणि ऑफली झाली. आणि सर्वांत मोठा धोका नामसाधर्म्याचा.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातले एलिस बेटावरचे नवे उतारूघर उघडले. तिथे पहिली नोंद झाली ती ॲनी मूर या कॉर्कच्या मुलीची. दोन धाकट्या भावांना घेऊन ती नेव्हाडा जहाजातून आली होती. दुसऱ्या दिवशीच्या पत्रांनी तिला पंधरा वर्षांची ठरवली. ती होती सतरा वर्षांची. पुढे तिचे काय झाले, याची एक कथा रूढ झाली होती: ती पश्चिमेकडे गेली आणि १९२३ मध्ये टेक्सासमध्ये ट्रामखाली सापडून मेली. त्या बाईच्या वंशजांना एलिस बेटावर समारंभांना मानाने बोलावले जाई. वंशावळीच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली, निराळीच बाई. कॉर्कची ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत तिने संसार केला, कित्येक मुले लहानपणीच गमावली, आणि १९२४ मध्ये ती वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवला.

म्हणून एका निधनवार्तेवर घर बांधू नये. नवरा, भाऊ, पत्ता, दफनभूमी यांतल्या दोन-तीन गोष्टी दुसऱ्या कागदाशी जुळल्या, तरच माणूस आपला म्हणावा.

ज्यांच्या घरच्यांना छापायला पैसे नव्हते, किंवा ज्यांना घरचे असे कुणी उरलेच नव्हते, त्यांच्या निधनवार्ता अर्थातच नाहीत. कालव्याच्या, रेल्वेच्या कामावर गेलेले कितीतरी गडी असेच नाहीसे झाले. त्यांचा माग कधी लागलाच तर निराळ्या सदरात लागतो. पायलटमध्ये १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत. बहिणीने भावाला शोधावे, बायकोने नवऱ्याला: तो अमुक टाउनलँडचा, अमुक साली अमुक बंदरात उतरला, शेवटचे पत्र अमुक गावाहून आले, कुणाला ठाऊक असल्यास कळवावे. या जाहिराती बॉस्टनच्या वंशावळी-संशोधन संस्थेने आठ खंडांत छापल्या आहेत. त्या वाचताना मन घट्ट करावे लागते.

एकदा पॅरिश आणि टाउनलँड हाती आले की आयर्लंडची दारे उघडतात. कॅथलिक पॅरिशांच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून सर्वांना खुली केली आहेत. १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या ग्रिफिथ यांच्या आकारणीत प्रत्येक टाउनलँडमधले कूळ, त्याचे घर आणि जमीन लिहिलेली आहे. आपल्या तलाठ्याच्या दप्तराची आठवण व्हावी, असा तो प्रकार. पुढच्या काळातले बदल त्याच आकारणीच्या फेरनोंद वह्यांत करीत. जुन्या कुळाचे नाव खोडून वर नवे नाव, आणि निरनिराळ्या वर्षांसाठी निरनिराळ्या रंगांची शाई. न्यूयॉर्कात वारलेल्या माणसाच्या बापाचे नाव तिथे सापडते. त्यावर रेघ असते. आणि कधी कधी त्या रेघेच्या वर, तांबड्या किंवा हिरव्या शाईत, त्याच आडनावाचे दुसरे नाव असते. बोटीत न बसलेला भाऊ तो. त्याची नातवंडे-पतवंडे अजून त्याच वाडीत असू शकतात.