चिनी भाषकाची इंग्रजी : वाचन, लेखन आणि भाषांतर यांचा एक मराठी संदर्भ

१. प्रास्ताविक

लखनौच्या अलीगंज भागात अभ्यागत प्राध्यापक या नात्याने मुक्काम असताना कपूरथला चौकावरून रोज जाणे-येणे होत असे. या परिसरात शिकवणी वर्गांची दाटी आहे आणि त्यांत इंग्रजी शिकविणारे वर्ग पुष्कळ आहेत. अशा वर्गांतून विद्यार्थ्याला जो पहिला उपदेश केला जातो, तो सर्वत्र सारखाच असतो : मनात भाषांतर करू नका, थेट इंग्रजीत विचार करा. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून प्रत्यक्ष पद्धतीच्या आणि नंतर संप्रेषणात्मक पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी हाच विचार शास्त्रीय परिभाषेत मांडला. परिणामी भाषांतर हा इंग्रजीच्या वर्गातून हद्दपार झालेला व्यवहार ठरला. आणि भाषांतरावाचून ज्याचे पानही हलत नाही, असा तौलनिक साहित्याभ्यास मात्र त्याच वर्गातून तयार होऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांवर विसंबून राहिला.

या विसंगतीचा विचार करण्यासाठी इंग्रजीपासून पुष्कळ दूर असलेल्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. चिनी भाषा ही अशी भाषा होय. सुदैवाने या प्रकारातील एक ठळक उदाहरण उत्तर प्रदेशातील सारनाथ आणि महाराष्ट्रातील पुणे या दोन्ही ठिकाणांशी निगडित आहे. चिनी भाषक विद्यार्थ्याच्या इंग्रजी वाचन-लेखनात भाषांतराचे नेमके कार्य कोणते, हे त्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. जिन केमू : एका स्वाध्यायी विद्यार्थ्याची वाटचाल

जिन केमू (१९१२–२०००) हे चीनमधील संस्कृत विद्येच्या आधुनिक प्रवर्तकांपैकी एक. त्यांचे औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेच्या फारसे पुढे गेले नव्हते. १९३० मध्ये ते बीजिंगला आले, विद्यापीठातील व्याख्याने बाहेरून ऐकत राहिले आणि १९३५ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. इंग्रजी, फ्रेंच, एस्पेरांतो या भाषा त्यांनी प्रामुख्याने स्वाध्यायाने आत्मसात केल्या. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाच्या सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाचे त्यांनी चिनी भाषांतर केले. पुढे हूनान प्रांतात त्यांनी इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा शिकविल्या.

या क्रमाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. येथे इंग्रजीचे वाचन आणि तिच्यातून भाषांतर या दोन पायऱ्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत. खगोलशास्त्राच्या ग्रंथातील वाक्य चिनीत उतरविताना ‘समजल्यासारखे वाटणे’ पुरेसे होत नाही. कोणता ग्रह कशाभोवती फिरतो, कोणते सर्वनाम कोणत्या नामाकडे बोट दाखविते, अट कोठे संपते आणि निष्कर्ष कोठे सुरू होतो, याचा निर्णय घ्यावाच लागतो. वाचकाला जी संदिग्धता तशीच सोडून पुढे जाता येते, ती भाषांतरकाराला सोडता येत नाही. या अर्थाने भाषांतर हे वाचनाचे सर्वांत कठोर रूप होय.

१९४१ मध्ये जिन केमू भारतात आले. कोलकात्यात एका चिनी वृत्तपत्राच्या संपादनकार्यात त्यांनी काही काळ घालविला. १९४३ मध्ये ते सारनाथला गेले आणि तेथे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्याकडे संस्कृत व पाली यांचे अध्ययन केले. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींचे स्वतःचे शालेय शिक्षणही तुटपुंजे होते. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून त्यांनी श्रीलंकेत पाली आत्मसात केली आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम केले. ‘निवेदन’ या आत्मवृत्तातून मराठी वाचकाला ही वाटचाल परिचित आहे. शाळेने न दिलेल्या भाषा ग्रंथांच्या संगतीत मिळविलेला गुरू आणि तशाच मार्गाने आलेला शिष्य, अशी ही भेट होती.

३. चिनी, मराठी आणि इंग्रजी : अडसरांचे स्वरूप

चिनी भाषकाला इंग्रजीत नेमके काय अडते, हे मराठीच्या शेजारी ठेवून पाहिले असता काही लक्षणीय गोष्टी हाती येतात. येथे तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण नामपूर्व विशेषणाचे. ‘मी काल घेतलेले पुस्तक’ या मराठी पदबंधाला चिनीत ‘वो त्स्वोथ्येन माइ द शू’ असे म्हणतात. शब्दशः पाहता ‘मी, काल, घेणे, द, पुस्तक’. यातील ‘द’ हा चिनी संबंधदर्शक प्रत्यय असून मराठीतील ‘घेतलेले’ या धातुसाधित विशेषणातील ‘-लेले’चे काम येथे तो करतो. दोन्ही भाषांत पुस्तकाचे सर्व वर्णन आधी येते आणि पुस्तक शेवटी येते. इंग्रजीत मात्र ‘द बुक दॅट आय बॉट यस्टर्डे’ असा उलटा क्रम लागतो. भाषाकुलाच्या दृष्टीने मराठी ही इंग्रजीची दूरची आप्त आणि चिनी पूर्णतः परकी. तरीही या ठिकाणी मराठी आणि चिनी एका बाजूस असून इंग्रजी एकटी पडते. लांब इंग्रजी वाक्य वाचताना दोन्ही भाषकांना सारखाच व्यायाम घडतो : प्रथम नाम पकडावयाचे आणि मागून येणारे वर्णन उचलून त्याच्यापुढे ठेवावयाचे.

दुसरे उदाहरण निश्चिततेचे. चिनीत ‘खरन लाइ ल’ म्हटले तर ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे आले; ‘लाइ खरन ल’ म्हटले तर कोणीतरी पाहुणे आले. इंग्रजीत जो भेद उपपदाने दाखविला जातो, तो येथे पदक्रमाने दाखविला जातो. मराठीतही इंग्रजीसारखे उपपद नाही. ‘पाहुणे आले’ आणि ‘कोणी पाहुणे आले’ असे आपण म्हणतो, किंवा संदर्भावर सोडून देतो. इंग्रजी लिहिणाऱ्या चिनी विद्यार्थ्याची उपपदे चुकतात, ती केवळ नियम पाठ नसल्यामुळे नव्हे. हा पाहुणा वाचकाला आधीच ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या भाषेत वेगळ्या जागी विचारला जातो. इंग्रजी परिच्छेद चिनीत नेताना पदक्रम ठरविण्याची वेळ आली, म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ यांतील अंतर त्याला प्रथम खऱ्या अर्थाने जाणवते. नियमांची यादी ही जाणीव देऊ शकत नाही.

तिसरे उदाहरण क्रियापदाचे. चिनी क्रियापदाला पुरुष, वचन, काळ यांचे विकार होत नाहीत. क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, हे स्वतंत्र अव्ययांनी आणि कालवाचक शब्दांनी सांगितले जाते. येथे मराठी भाषकाची स्थिती निराळी आहे. ‘गेला, गेली, गेले’ असे लिंगभेदही क्रियापदात वागविणाऱ्याला इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ अवघड वाटण्याचे कारण नाही. म्हणजे चुकांचा नकाशा प्रत्येक मातृभाषेनुसार बदलतो. मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवणारी पद्धती हा नकाशाच हातचा घालविते.

हा व्यवहार एकमार्गी नसतो, हेही येथे नोंदविले पाहिजे. चिनीत ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी ‘था’ हा एकच उच्चार आहे आणि पूर्वी चिन्हही एकच होते. पाश्चात्त्य साहित्याच्या भाषांतरातून निर्माण झालेल्या गरजेमुळे स्त्रीवाचक वेगळ्या चिन्हाचा पुरस्कार झाला. कवी व भाषाभ्यासक लिऊ बाननोंग यांनी १९२० मध्ये त्यासाठी आग्रहाने लेखन केले आणि ते चिन्ह रूढ झाले. मराठीत विरामचिन्हे स्थिरावली ती अशाच संपर्कातून, आणि त्याचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. परभाषेचा सराव करणारा विद्यार्थी स्वभाषेतही काही रोवून जातो.

४. भाषांतर-सरावाच्या तीन रीती

आधुनिक चीनमध्ये इंग्रजीशी आलेल्या संबंधाच्या तीन रीती दिसतात. लिन शू (१८५२–१९२४) यांना एकही परभाषा येत नव्हती. सहकारी तोंडी सांगत आणि लिन शू ते अभिजात चिनी गद्यात उतरवीत. शंभराहून अधिक पाश्चात्त्य कृती त्यांनी या रीतीने चिनीत आणल्या. येथे भाषांतर आहे, परंतु भाषांतरकाराचे स्वतःचे परभाषा-वाचन नाही. दुसरी रीत यान फू (१८५४–१९२१) यांची. फूचौच्या नौदल विद्यालयात इंग्रजीतून शिकलेल्या आणि नंतर इंग्लंडमध्ये अध्ययन केलेल्या यान फू यांनी हक्सलेच्या ‘इव्होल्यूशन अँड एथिक्स’चे भाषांतर केले व १८९८ मध्ये त्याच्या प्रस्तावनेत ‘शिन, दा, या’ ही त्रिसूत्री मांडली. मूलनिष्ठा, सुबोधता आणि सौष्ठव असा तिचा अर्थ करता येईल. येथे इंग्रजीचे सखोल वाचन आहे आणि त्याचे सार्थक चिनी गद्यात आहे. तिसरी रीत जिन केमू यांची. तिच्यात इंग्रजी हे अंतिम स्थान उरत नाही. ती पुढे जाण्याचा उतार बनते.

मराठीतील अनुभव यांपैकी दुसऱ्या रीतीला जवळचा आहे. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्रातील अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. थोडे शब्द, एखादा नियम आणि मग दोन्ही दिशांची वाक्ये : इंग्रजीचे मराठी करा, मराठीचे इंग्रजी करा. या रचनेची पुढे थट्टाही झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येत नाही. कारण सुटी, संदर्भहीन वाक्ये शब्दाला शब्द ठेवण्याची सवय लावतात आणि तीच सवय पुढे कृत्रिम मराठीला आणि कृत्रिम इंग्रजीला जन्म देते. परंतु दोष भाषांतराचा नसून वाक्य संदर्भातून तोडण्याचा आहे. रॉजर ॲस्कम यांनी १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लॅटिनसाठी सुचविलेली दुहेरी भाषांतराची रीत या दृष्टीने अधिक समृद्ध होती : उतारा स्वभाषेत आणावा, काही वेळ जाऊ द्यावा, मग मूळ न पाहता तो परत न्यावा आणि मुळाशी ताडून पाहावा. वाचन, लेखन आणि भाषांतर या तिन्ही कौशल्यांचा सराव येथे एकाच कृतीत होतो. अलीकडे गाय कुक यांच्या २०१० मधील ग्रंथाने भाषाशिक्षणातील भाषांतराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे.

५. पुण्यातील सहकार्य

सारनाथनंतर जिन केमू यांनी पुण्यात वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्यासमवेत काम केले. विषय होता असंगाचा ‘अभिधर्मसमुच्चय’. मूळ संस्कृत ग्रंथ अनुपलब्ध मानला जात होता. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधून मिळविलेल्या हस्तलिखित-छायाचित्रांमुळे त्याचा काही भाग हाती आला होता. तिबेटी भाषांतर उपलब्ध होते आणि ह्यूएनत्संगाने ६५२ मध्ये केलेले चिनी भाषांतरही होते. गोखले आणि जिन केमू यांनी ही साधने शेजारी ठेवून पाठाची छाननी केली. गोखले यांनी हे अवशेष १९४७ मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजी निबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केले. पुढे १९५० मध्ये प्रल्हाद प्रधान यांनी शांतिनिकेतनातून जी आवृत्ती काढली, तिच्यात गहाळ भाग तिबेटी व चिनी भाषांतरांच्या आधारे पुन्हा संस्कृतात रचला. तेराशे वर्षांपूर्वीचे एक भाषांतर मूळ ग्रंथाला पुन्हा उभे करण्यास साह्यभूत झाले.

या घटनेत इंग्रजीचे स्थान काय होते? निष्कर्ष जगापुढे मांडण्याची भाषा इंग्रजी होती. परंतु केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला या मेजावर करण्यासारखे काहीही नव्हते. मराठी भाषकाने संस्कृत-तिबेटी आणावी, चिनी भाषकाने ह्यूएनत्संग आणावा आणि इंग्रजीने त्यांचा संवाद इतरांपर्यंत पोहोचवावा, अशी ही व्यवस्था होती.

तिची उलट बाजूही महाराष्ट्रात आढळते. पुण्याचे पाली पंडित पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील पहिला ग्रंथ चिनी भाषांतराच्या रूपाने टिकला होता. पुढे १९७० मध्ये अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने त्यांनी ‘समंतपासादिके’च्या चिनी भाषांतराचे इंग्रजी भाषांतर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातून प्रसिद्ध केले. मराठी भाषकाने चिनीतून इंग्रजीत केलेले हे काम जिन केमू यांच्या मार्गाचे प्रतिबिंबच होय.

जिन केमू १९४६ मध्ये मायदेशी परतले आणि १९४८ पासून पेकिंग विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९५६ मध्ये त्यांचे ‘मेघदूता’चे चिनी भाषांतर प्रसिद्ध झाले, तर १९६४ मध्ये संस्कृत साहित्याचा इतिहास. भर्तृहरीच्या शतकांचेही त्यांनी भाषांतर केले. हे सर्व संस्कृतातून थेट चिनीत आले. इंग्रजी भाषांतराची मध्यस्थी तेथे राहिली नव्हती.

६. समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, इंग्रजीचा सराव करणाऱ्या चिनी भाषक विद्यार्थ्याला भाषांतर ही टाकून देण्याची कुबडी नसून, आपली भाषा आणि इंग्रजी नेमक्या कोठे अलग होतात हे दाखविणारे साधन आहे. मराठी भाषकालाही हे लागू आहे. फक्त त्याचे अलग होण्याचे बिंदू काही ठिकाणी निराळे आहेत. दोन, इंग्रजीचे उत्तम ज्ञान माणसाला तिच्यापलीकडे जाण्यास समर्थ करते की तिच्यातच थांबविते, हे त्या ज्ञानाच्या सरावावर अवलंबून असते.

आपल्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत चिनी कविता, कादंबरी आणि काव्यविचार बहुधा इंग्रजी भाषांतरांतून शिकविले जातात. ते अपरिहार्य असेल. परंतु ते पुरेसे मानले जाऊ लागले, ही चिंतेची बाब आहे. निदान दोन इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवून त्यांतील फरक मराठीत उतरविण्याचा सराव विद्यार्थ्याला द्यावा. असा फरक उतरविताना तो अडेल, आणि कोणते भाषांतर बरोबर हे इंग्रजीच्या बळावर सांगता येत नाही, हे त्याच्या ध्यानात येईल. तिसरी भाषा शिकण्याची गरज त्याला तेथूनच भासू लागेल. अलीगंजहून सारनाथ सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. जिन केमू तेथे पोहोचले ते इंग्रजीची वाट चालून, आणि ते तिच्या पुढे गेले.