अननस नसलेला ‘अननस पाव’

हाँगकाँगमध्ये या गोड पावाला ‘बोलो बाऊ’ म्हणतात. बोलो म्हणजे अननस, बाऊ म्हणजे पाव. पण यात अननसाचा तुकडाही नसतो. वरचा गोड थर भट्टीत तडकतो आणि अननसाच्या सालीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. २०१४ साली तिथे अमूर्त सांस्कृतिक वारशाची पहिली यादी जाहीर झाली, तीत हा पाव बनवण्याच्या कसबालाही जागा मिळाली.

आम्हा दोघी बहिणींचे बालपण तिथेच गेले. अब्बा जहाज कंपनीत नोकरीला होते. कौलूनमध्ये नॅथन रोडवरच्या मशिदीपासून आमचे घर जवळच. शाळेच्या वाटेवर एक लहानशी बेकरी होती. एके दिवशी आम्ही त्या पावासाठी हट्ट धरला. अम्मीने खुणेनेच विचारले, “यात काय घातलंय?” म्हातारा बेकरीवाला आधी आमच्याकडे, मग अम्मीच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “ज्यू याऊ,” आणि बोटाने नाक वर दाबून दाखवले. डुकराची चरबी! पारंपरिक पद्धतीत ती वापरतात. त्याने ताट स्वतःच मागे ओढले.

आम्ही रडतच घरी आलो. राग त्या म्हाताऱ्याचाच आला होता. अम्मी म्हणाली, “अगं, तो गप्प बसला असता तर आपल्याला कळलं असतं का? उद्या जाताना त्याला सलाम करा.”

पुढे शेजारणीने अम्मीला दुसरा शब्द शिकवला: ‘न्गाऊ याऊ’, म्हणजे लोणी. ज्यू म्हणजे डुक्कर, न्गाऊ म्हणजे गाय. एका शब्दाचा फरक, पण आमचा पाव हलाल झाला तो त्या फरकानेच. अम्मीने लोणी वापरून घरीच पाव केला. पहिल्या वेळी वरचा थर घसरून ताटात पडला. आम्ही तोही खरवडून खाल्ला.

आता आम्ही रत्नागिरीत असतो आणि दर रमजानमध्ये हा पाव करतो. आठ पावांसाठी ३०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, दीड चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा मीठ, एक अंडे आणि १३० मिली कोमट दूध एकत्र मळावे. शेवटी ४० ग्रॅम लोणी घालून पीठ गुळगुळीत होईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटे मळावे. झाकून दुप्पट होऊ द्यावे. कोकणच्या उकाड्यात तासाभरात फुगते.

वरच्या थरासाठी ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर, एक अंड्याचा पिवळा बलक, ११० ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा दूध पावडर आणि पाव चमचा बेकिंग पावडर हलक्या हाताने एकत्र करावी. हे मळायचे नाही. मळले तर थर चिवट होतो. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा.

फुगलेल्या पिठाचे आठ गोळे करून पुन्हा पाऊण तास ठेवावेत. थंड गोळ्याचे आठ भाग प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून चकत्या कराव्यात, पावांवर अलगद ठेवाव्यात आणि सुरीने चौकडी आखावी. वरून अंड्याचा बलक लावून आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर अठरा ते वीस मिनिटे भाजावे. खालचा पाव फुगतो, वरच्या थरात यीस्ट नसल्याने तो ताणला जात नाही, तडकतो. तेच त्याचे सौंदर्य.

गरम पाव मधोमध चिरून आत थंड लोण्याची जाड चकती घालावी. हाँगकाँगच्या चहाच्या दुकानांत तो असाच देतात.

अम्मी अजूनही पहिला घास घेण्याआधी हसत विचारते, “न्गाऊ याऊ?” आमची मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. परक्या मुलखात खाण्याबद्दल विचारायला लाजू नये, आणि खरे सांगणाऱ्यावर रागावू नये, हे आम्ही त्या बेकरीच्या दारात शिकलो.